घोडीचं खूर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते सांबार निवडायचं. आमच्याकडे नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. थंडीत तो ढिगानं येतो आणि तो आला की तिला सांबारवडीची घाई व्हायची. सांजेला अंगणात मी पोतं टाकून खाली बसलो होतो आणि ती खुर्चीवर. खुर्ची म्हणजे कमोडची, मधे भोक आणि खाली डबा लावायची.

"त्याच्यावर बसून खायचं निवडून राहिली वं?" मी म्हणालो.

"काहून? झाकण लावलं आहे नं."

"झाकण लावलं म्हणजे सिंहासन झालं का?"

"तुमच्या घरातल्या बाकी खुर्च्या बुटक्या. बसलं की उठवाले चार माणसं लागतात. हीच एक बरोबर उंच आहे. तुम्ही हाताकडे पाहा, काड्या किती ठेवून राहिले. बकरीसाठी निवडता का?"

जुड्या संपल्या. निवडलेला सांबार तिनं ओल्या फडक्यात बांधला, वड्या उद्या करू म्हणाली आणि हात पुढे केला.

"आणा माझी घोडी."

घोडी म्हणजे वॉकर. चार पायांचा, अल्युमिनियमचा, पायांना काळे रबरी बूट. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तो तिच्याजवळ होता आणि पहिल्याच दिवशी तिनं त्याचं नाव घोडी ठेवलं. मी घोडी आणली, ती उठली आणि टक टक करत आत गेली. जेवलो, झोपलो. पहाटे ती उठली नाही. झोपेतच गेली. तो सांबार नंतर कोणी फेकला ते मला माहीत नाही.

लोक म्हणाले, पुण्यवान बाई, चांगलं मरण आलं. लोकांचं काय जाते म्हणायला. मला एकच माहीत आहे. रोज रात्री तिची खाट करकरायची आणि मी उठायचो. डोळे मिटलेलेच असायचे. कोपऱ्यातली घोडी उचलून तिच्या खाटेपाशी ठेवायची, ती मोरीकडे जाऊन यायची, मग घोडी परत कोपऱ्यात. त्या रात्री खाट करकरलीच नाही, की करकरली आणि मला ऐकू आली नाही, हे कोण सांगणार?

आता ही घोडी ठेवायचीही एक रीत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आम्ही विणकर. याच खोलीत बापाचा माग होता, मग माझा. आमचा माग खड्ड्याचा असतो. विणणारा जमिनीच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो. हातमागात पोट भरेना तेव्हा मी गिरणीत लागलो, माग विकला आणि खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वरून कोबा केला. पण खड्डा तो खड्डाच. वर्षं गेली तशी ती जागा बसली. पाहणाऱ्याला दिसत नाही, पण पाणी सांडलं तर तिथं जमा होते. तिची खाट बरोबर त्याच्या काठाशी होती. घोडी सरळ ठेवली की पुढचा डावा पाय खोलात जायचा आणि घोडी नाचायची.

"तुमची घोडी नाचून राहिली," ती म्हणायची. घोडी तिची, पण नाचली की माझी.

तर मी ती तिरपी ठेवायला शिकलो. डावा पाय बाहेर काढायचा, उजवा थोडा मागे घ्यायचा. मग ती गपचिप उभी राहते. व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची, ती दर खेपेस घोडी सरळ करायची आणि मला सांगायची, आजोबा, वॉकर नेहमी सरळ ठेवायचा. मी म्हणायचो, तुझ्या दवाखान्यात ठेव सरळ.

पोरानं अनेकदा म्हटलं, बाबा, तेवढी जागा फोडून नीट करून घेऊ, आई पडेल एखाद्या दिवशी. मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर तोवर घरातलं इतकं फोडून झालं होतं की मला संशय आला होता.

पोरगा आणि सून राहतात मनीषनगरकडे, फ्लॅटमध्ये. हाड मोडल्याबरोबर त्यांनी आमच्या घराला हात घातला. मोरीत दांड्या लावल्या, धरून उठायला. संडास उंच केला. पायरीवर सिमेंटचा उतार केला. आणि मधल्या दाराचा उंबरठा काढून टाकला. त्या उंबरठ्यावर तिनं लग्न होऊन आल्या दिवशी माप ओलांडलं होतं. मिस्त्री छिन्नी मारत होता आणि मी अंगणात जाऊन बसलो. बिनउंबरठ्याच्या घरात काही टिकत नाही, असं मी म्हणालो तर ती आतून ओरडली, "मी टिकावं म्हणूनच काढून राहिले नं बाप्पा!"

सून टेप घेऊन फिरत होती. दार मोजलं, खोली मोजली, मोबाइलवर फोटो काढले.

मी विचारलं, "माप कशाचं घेऊन राहिली?"

"दांडीचं, मामाजी."

"दांडी भिंतीले लागते. तू दरवाजा काहून मोजला?"

"व्हीलचेअर निघते का ते पाहिलं."

"व्हीलचेअर कोण मागितली?"

ती गप्प झाली. गप्प झालेल्या माणसाचं मी जास्त ऐकतो. घराचं माप आणि घराचे फोटो कोण काढते? जो विकते तो. मी तसं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाले देवाच्या प्रसादातही जमालगोटा दिसते." पण घर विकणार नाहीत, असं काही ती म्हणाली नाही. हेही मी ध्यानात ठेवलं.

ती गेल्यावर पोरगा आणि सून दिवसांपुरते इथंच राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात पोरानं विषय काढला. "तेरवी झाली की आमच्याकडे चला, बाबा. इथं एकटे कसे राहाल?"

"जसा आहे तसा राहीन."

"रात्री काही झालं तर?"

"रात्री मी झोपतो. झोपलेल्या माणसाले काय होते?"

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्ही धड असाल तोपर्यंत मी जबरदस्ती करणार नाही. पण एक दिवस जरी काही वाटलं, तर कुलूप लावून घेऊन जाईन."

मी त्याचा शब्द पकडून ठेवला. धड असाल तोपर्यंत. म्हणजे आता हे दोघं माझं काय बिघडलं ते शोधत राहणार. त्या दिवसापासून मी चहाची कपबशीसुद्धा दोन हातांनी धरू लागलो.

आमच्यात माणूस जिथं गेलं तिथं दिवा ठेवतात. तिची खाट पहिल्याच दिवशी अंगणात काढली होती. त्या रिकाम्या जागेच्या काठाशी दिवा होता आणि खोलीच्या दुसऱ्या बाजूला माझी खाट. दहाव्याच्या आदल्या सांजेला दिव्याभोवती हातभर जागेत पीठ चाळून पसरतात. रात्री तिकडे कोणी जायचं नाही. सकाळी पिठात जी खूण दिसेल त्यावरून ओळखायचं, गेलेल्या माणसाला कोणता जन्म मिळाला. पाखराची नखं दिसतात, मुंगीची रेघ दिसते. माझ्या आईच्या वेळेस काहीच दिसलं नव्हतं, तेव्हा म्हातारे म्हणाले, मोक्ष मिळाला.

पीठ चाळलं तिच्या मोठ्या बहिणीनं. तिला घरात सगळे मोठी बाई म्हणतात. अंगानं जड, गुडघे गेलेले, तोंड शाबूत. बहिणीच्या वॉकरला ती गाडी म्हणून हसायची आणि स्वतः भिंत धरून चालायची. तिनं मला बाहेरच्या खोलीत झोपायला सांगितलं. मी म्हणालो, माझी खाट इथं आहे, मी इथंच झोपणार. तिनं तोंड वाकडं केलं. घोडी आपल्या कोपऱ्यात, कपाटाजवळ होती.

सकाळी मोठ्या बाईच्या ओरडण्यानं जाग आली.

"या गा, सगळे या! खुरं उमटले!"

पोरगा आला, सून आली, शेजारच्या दोन बाया उतारावरून धावत आल्या. पिठात चार खुणा होत्या, गोल, ठसठशीत. दोन दिव्याच्या अलीकडे, दोन पलीकडे.

"गाय!" शेजारीण हात जोडून म्हणाली. "पुण्यवान होती."

"गायीचं खूर मधून फाटलेलं असते," मोठी बाई म्हणाली. "डोळे उघडून पाह. हे अख्खं आहे, गोल. घोडीचं आहे हे." आणि तिनं डोळ्याला पदर लावला. "माही बहीण घोडी झाली वं."

घोडी हा शब्द ऐकला आणि मी कोपऱ्याकडे पाहिलं. घोडी जागेवरच होती. सगळे पिठाला नमस्कार करत होते तेव्हा मी खाटेवरून उतरलो, कोपऱ्यात गेलो आणि एक पाय उचलून पाहिला. रबराच्या खाचांत पीठ भरलेलं होतं.

मी वर पाहिलं तर सून माझ्याकडे पाहत होती. तिनं पटकन नजर खाली केली.

मला राग काहून आला ते सांगतो. ती खूण म्हणजे तिची शेवटची खबर होती. पन्नासेक वर्षं एका घरात काढलेलं माणूस न सांगता निघून गेलं, तर निदान कुठं गेलं एवढं तरी कळावं. आणि तिथं कोणी तरी रबराचा शिक्का मारून ठेवला.

घाटावर जायची तयारी चालली होती. मी मोठ्या बाईला अंगणात गाठलं.

"रात्री घोडी तूच नेली."

"कोणती घोडी?"

"वॉकर. मोरीकडे जाताना. दिवसा हसते, रात्री धरते."

ती अशी भडकली की बोलायची सोय नाही. "भाऊजी, दुःखात आहे म्हणून सोडून देतो तुमाले! मी भिंत धरून जातो, देवानं भिंती कायले देल्या? अन् मी झोपलो बाहेरच्या खोलीत. तिथून मोरीत जावाले तुमच्या खोलीत पाय तरी ठेवा लागते का?"

लागत नाही. बाहेरच्या खोलीतून अंगणातून सरळ मोरी आहे. बाईचं म्हणणं बरोबर होतं. मग राहिली सून. तिनं नजर खाली केली होती, ती मला विसरता येत नव्हती. मला वाटलं, हिनं हे मुद्दाम केलं. म्हातारा खोली सोडत नाही, तर त्याला घाबरवू. खुरं उमटणाऱ्या खोलीत एकटा कोण राहील?

घाटावर पोराला बाजूला घेतलं आणि तोंडावर सांगितलं, "तुझ्या बायकोनं रात्री माझ्या खोलीत येऊन घोडी पिठात उभी केली."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याचं डोकं तुळतुळीत केलेलं होतं, लहानपणी जावळ काढलं होतं तेव्हासारखं.

"बाबा, ती असं काहून करेल?"

"ते तिला विचार."

"ती आत आली असती तर तुम्ही जागे झाले नसते? पाल चुकचुकली तरी उठून बसता तुम्ही."

कावळा लगेच शिवला, सगळे खूश झाले. मी पूर्ण वेळ त्याच एका गोष्टीचा विचार करत होतो. खरंच, माझ्या खोलीत कोणी आलं तर मला कळते. तिची खाट करकरली तरी कळायचं. मग कोण आलं?

घरी परतलो. पीठ अजून भरलेलं नव्हतं. सगळे अंगणात पाय धुवत होते. मी दार लोटलं आणि घोडी उचलली. चोराच्या पायाचा ठसा त्याच्या चपलेशी जुळवून पाहतात, तसं मला जुळवून पाहायचं होतं.

घोडी सरळ धरून खुणांवर ठेवली. बसली नाही. पुढचा डावा पाय खुणेच्या आत पडला, खड्ड्याच्या खोलात, आणि घोडी नाचली. टक. मी डावा पाय बाहेर काढला. उजवा थोडा मागे घेतला. चारही बूट चारही खुणांत जाऊन बसले. घोडी गपचिप उभी राहिली.

तशी घोडी या घरात एकच माणूस ठेवत होता. पोरगा सरळ ठेवायचा, सून सरळ ठेवायची, ती व्यायामवाली पोरगी तर सरळ ठेवलीच पाहिजे म्हणायची.

मी तिथंच खाली बसलो. घोडीचं तोंड दिव्याच्या पलीकडे होतं, जिथं तिची खाट होती. आणि दिवा मागच्या-पुढच्या पायांच्या मधे होता, वीतभर अंतरावर. माझं धोतर त्या ज्योतीवरून गेलं असेल आणि मला पत्ता नाही.

बाहेर मोठी बाई शेजारणींना सांगत होती, "घोडीचंच खूर होतं. मी का आंधळी आहे?"

पोराचा शब्द माझ्या कानात होता. धड असाल तोपर्यंत. आता त्याला सांगितलं की मी झोपेत उठतो, घोडी उचलतो, पेटत्या दिव्याजवळ जातो, तर उद्याच कुलूप. न सांगावं तर कोणाला कळणार नव्हतं. खुणा पिठाच्या होत्या, सून आली आणि तिनं ते पीठ सुपात भरून नेलं.

पण मला वाटलं, एखाद वेळेस झालं असेल. माणसाचं डोकं सुतकात ठिकाणावर नसते. परत होणार नाही. तरी आता माझा माझ्यावरच भरवसा नव्हता, म्हणून सांजेला मी पेटीतून मागाची जुनी सुती दोरी काढली आणि घोडी खिडकीच्या गजाला बांधली. विणकराची गाठ मारली. तुटलेला धागा जोडतो ती. ती ओढली तर अजून घट्ट होते, आणि जाणत्यालाच सोडता येते. आमच्या घरात आता जाणता मी एकटाच. बांधताना हे मला सुचलं नाही, दुसऱ्या दिवशी सुचलं. दिवा मी उचलून उंच कोनाड्यात ठेवला. मोठी बाई म्हणाली, जागा हलवू नये. मी म्हणालो, जागा नाही, दिवा हलवतो.

सकाळी उठलो तेव्हा घरात सामसूम होती. पहिले खिडकीकडे पाहिलं. गजाला काही नव्हतं. घोडी खोलीच्या मधे, तिच्या जागेपाशी उभी होती. तिरपी. दोरी सोडून, नीट गुंडाळून घोडीच्या दांडीला अडकवलेली होती. मागावरून उठताना दोरी मी तशीच अडकवायचो.

अंगणात चपला वाजल्या. मी लगबगीनं घोडी धरली, कोपऱ्यात न्यायला, आणि तेवढ्यात सून चहा घेऊन आत आली.

"झाडून काढाले हलवली," मी म्हणालो.

तिनं माझे रिकामे हात पाहिले. झाडू कुठंच नव्हता. दोरी पाहिली. चहा खाटेवर ठेवला आणि कोणीही करेल तसं केलं, घोडी हातानं सरळ केली. टक.

"तशी नको ठेवू," माझ्या तोंडून निघून गेलं. "डावा पाय बाहेर काढ. नाचते ती."

तिनं डावा पाय बाहेर काढला. उजवा मागे घ्यायचं मी सांगितलं नव्हतं, तोही तिनं मागे घेतला.

"काल खुरंही अशेच तिरपे होते, मामाजी," ती हळू आवाजात म्हणाली.

"तुले कळलं होतं?"

"हाव."

"मग बोलली काहून नाही? मी तुझं नाव घेतलं. नवऱ्यानं सांगितलं असेल नं तुले."

"सांगितलं. तुम्ही माझं नाव घेतलं म्हणून मी तुमचं कशी घेऊ?"

मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. हिला काय पाहिजे, हा विचार तेव्हाही माझ्या मनात आला. आला तो आला. पण तिला काही पाहिजे असतं तर तिला काल एवढंच बोलायचं होतं, आणि आज घराला कुलूप असतं.

"ह्यांले सांगू का मी?" तिनं विचारलं.

"तू नको."

चहा थंड होत होता. मी दांडीवरची दोरी काढून पेटीत टाकली. घोडी कोपऱ्यात नेली नाही. होती तिथंच, तिरपी राहू दिली, दारातून आलेल्या माणसाला पहिले तीच दिसावी अशी. मग मधल्या दारात गेलो, उंबरठा होता तिथं उभा राहिलो आणि पोराला हाक मारली.